एनिमा: शेवटच्या वीतभर आतड्यापुरता उपाय

गुदद्वारातून मलाशयात द्रव सोडून शौचाला लावणे म्हणजे एनिमा. पूर्वी त्यासाठी भिंतीला टांगलेला डबा, रबरी नळी आणि कोमट पाणी असा सरंजाम लागे. आता तो मुठीत मावणाऱ्या प्लास्टिकच्या बाटलीत, तोंडाशी नळी बसवून, तयार मिळतो. अमेरिकेत असे एनिमा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय दुकानाच्या फळीवरून उचलून घेता येतात. भारतीय कायद्यात चिठ्ठीशिवाय विकायच्या औषधांची वेगळी व्याख्या नाही. तरी सोडियम फॉस्फेटचा १०० मिलिलिटरचा एनिमा आणि ग्लिसरीनच्या सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून आत सरकवायच्या वड्या, बहुतेक मेडिकलच्या दुकानांत मागितल्या की मिळतात.

एरवी पोट नीट साफ होणाऱ्या माणसाला प्रवास, आजारपण, शस्त्रक्रिया अशा कारणाने काही दिवस शौचाला झाले नाही आणि मल अगदी दाराशी येऊन अडला, तर हा उपाय काही मिनिटांत मोकळे करतो. त्याची हद्द मात्र लहान आहे. मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. छोट्या एनिमाचा अंमल त्यातल्या मलाशयावर आणि त्याला लागून असलेल्या थोड्या भागावर, म्हणजे शेवटच्या वीतभर लांबीवर चालतो. एनिमा कधी लागू पडतो, कधी वाया जातो आणि कधी अंगाशी येतो, याचे बरेचसे उत्तर या एका गोष्टीत आहे.

मल अडतो कुठे आणि का

लहान आतड्यातून रोज एक ते दीड लिटर पातळ द्रव मोठ्या आतड्यात उतरतो. त्यातले बहुतेक पाणी आतड्याची भिंत शोषून घेते आणि शेवटी १०० ते २०० मिलिलिटर पाणी मलाबरोबर बाहेर पडते. नेहमीच्या मऊ मलात सुमारे तीन चतुर्थांश भाग पाण्याचाच असतो. मल आतड्यात जितका रेंगाळतो तितका तो आटत जातो. म्हणून उशीर झाला की मल घट्ट होतो, आणि घट्ट झाला की आणखी उशीर होतो.

मलाशय बराच वेळ रिकामेच असते. पोटात अन्न पडले की मोठ्या आतड्याला चालना मिळते आणि मल खाली सरकतो. सकाळी चहा-नाश्त्यानंतर ‘प्रेशर’ येते ते मुख्यतः यामुळे. चहाला त्याचे श्रेय जरा जास्तच दिले जाते. मलाशयाची भिंत ताणली गेली की गुदद्वाराची आतली स्नायूपट्टी आपोआप सैल पडते. बाहेरची पट्टी मात्र माणसाच्या इच्छेने चालते. ती आवळून धरली की थोड्या वेळाने कळ ओसरते, मल तिथेच राहतो आणि त्यातले पाणी कमी होत जाते. एसटीचा लांबचा प्रवास, शाळेतला घाणेरडा संडास, लोकल चुकण्याची धास्ती, लग्नघरात पाहुण्यांसाठी असलेले एकच शौचालय, अशा साध्या कारणांनी माणसे कळ दाबतात. हे रोजचे झाले की मलाशय ताणाला सरावते आणि कळ येईनाशी होते.

आहाराचा वाटा असतोच. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस यांवर दिवस निघतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात चोथा नावालाही नसतो. औषधांचा वाटा मात्र पुष्कळदा ध्यानात येत नाही. रक्त वाढवण्यासाठी दिलेल्या लोहाच्या गोळ्या, कोडीन आणि ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके, रक्तदाबासाठीचे व्हेरापामिल, अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारखी नैराश्यावरची जुनी औषधे, अ‍ॅल्युमिनियम असलेली अ‍ॅसिडिटीची औषधे, ही सगळी मलाचा वेग कमी करतात. नवी गोळी सुरू झाली आणि आठवड्याभरात पोट अडले, तर आधी त्या गोळीकडे पाहावे.

किती दिवस शौचाला झाले नाही म्हणजे बद्धकोष्ठ म्हणायचे? दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंत सगळे वैद्यकशास्त्र नेहमीचेच मानते. पुष्कळ घरांत मात्र रोज सकाळी, तेही आंघोळीच्या आधी, पोट साफ झालेच पाहिजे असा दंडक असतो आणि एक दिवस चुकला की रेचकाची शोधाशोध सुरू होते. दिवसाआड जाणाऱ्या, पण मऊ मल विनासायास होणाऱ्या माणसाला बद्धकोष्ठ नसते. उलट रोज जाऊनही कुंथावे लागत असेल, खडे पडत असतील, अजून आत काहीतरी राहिले आहे असे वाटत असेल, तर ते बद्धकोष्ठच. ब्रिस्टल येथील डॉक्टरांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेली मलाची सात प्रकारांची मोजपट्टी आज जगभर वापरतात. तीत सुटे कडक खडे हा पहिला प्रकार, गाठीगाठींचा लांबट मल हा दुसरा. हे दोन्ही बद्धकोष्ठाचे. तिसरा आणि चौथा चांगला. दिवस मोजण्यापेक्षा मलाचे रूप पाहणे जास्त उपयोगाचे ठरते.

पोट धुण्याची हौस

एनिमा हा जगातल्या फार जुन्या उपचारांपैकी एक. इसवी सनापूर्वी सुमारे १५५० च्या इजिप्तमधील एबर्स पपायरसात त्याचे उल्लेख आहेत. आयुर्वेदात बस्ती हे पंचकर्मांपैकी एक कर्म. काढ्याची निरूह बस्ती आणि तेला-तुपाची अनुवासन बस्ती असे तिचे दोन मुख्य भेद चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात विस्ताराने येतात. फ्रान्समध्ये सतराव्या शतकात श्रीमंतांच्या घरी एनिमाची पिचकारी हे नित्याचे उपकरण होते आणि १६७३ साली मोलिएरने आपल्या शेवटच्या नाटकात या वेडाची यथेच्छ टिंगल केली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या हौसेला शास्त्राचा आधार मिळाल्यासारखे झाले. आतड्यात साचलेल्या मलातून विष रक्तात भिनते आणि डोकेदुखी, थकवा, अकाली वार्धक्य सगळे त्यातूनच येते, अशी कल्पना जोरात होती. अमेरिकेत डॉक्टर जॉन हार्वे केलॉग यांनी ती पसरवली. लंडनचे शल्यविशारद आर्बथनॉट लेन यांनी तर बद्धकोष्ठावर उपाय म्हणून रुग्णांची मोठी आतडी कापून काढली. १९१९ साली डॉक्टर वॉल्टर अल्वारेझ यांनी या कल्पनेतली हवा काढली. शौच झाल्याबरोबर काही मिनिटांत माणसाला बरे वाटते. विष रक्तात भिनले असते तर ते इतक्या लवकर उतरले नसते. मलाशयात नुसता कापूस भरला तरी तीच सुस्ती आणि तीच डोकेदुखी येते, हेही त्यांनी दाखवले. त्रास ताणलेल्या भिंतीमुळे होतो.

महाराष्ट्रात एनिमाला प्रतिष्ठा मिळाली ती निसर्गोपचारामुळे. गांधीजींवर लुई कुने आणि अ‍ॅडॉल्फ युस्ट या जर्मन निसर्गोपचारकांच्या पुस्तकांचा प्रभाव होता आणि त्यांच्या आश्रमांत एनिमा ही रोजच्या व्यवहारातली गोष्ट होती. १९४६ साली पुण्याजवळ उरुळीकांचनला त्यांच्या प्रेरणेने निसर्गोपचार आश्रम निघाला. उपवासाबरोबर कोमट पाण्याचा एनिमा हा निसर्गोपचारातला परिचित क्रम तेव्हापासून पुष्कळ मराठी घरांत पोचला. अडलेला मल काढण्यासाठी त्याचा उपयोग होतो, यात शंका नाही. ‘शरीरशुद्धी’साठी धडधाकट माणसाने तो घेत राहावा याला मात्र पुरावा नाही. निरोगी आतड्याच्या भिंतीवर जुना मल थरांनी साचून राहत नाही. तिच्या आतल्या आवरणातल्या पेशी दर काही दिवसांनी नव्या होत असतात.

बाटलीत काय असते

दुकानात एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या या बाटल्यांमध्ये औषधे अगदी वेगवेगळी असतात, आणि त्यांचे धोकेही सारखे नसतात. घेणाऱ्याने बाटलीवरचे घटकाचे नाव वाचावे. कंपनीच्या नावावरून काही कळत नाही.

मल मऊ करणारा म्हणून विकला जातो तो डॉक्युसेटचा मिनी एनिमा. तो जेमतेम ५ मिलिलिटरचा असतो, चमचाभर. अमेरिकेत मिळणाऱ्या नळीत २८३ मिलिग्रॅम डॉक्युसेट सोडियम पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनमध्ये मिसळलेले असते. डॉक्युसेट पाण्याचा पृष्ठताण कमी करते. साबण जसा तेलकट भांड्यावर पाण्याला पसरू देतो, तसे ते कोरड्या, घट्ट मलात पाणी आणि स्निग्धांश शिरू देते. पण चमचाभर द्रवाने दोन ते पंधरा मिनिटांत शौच होते, ते केवळ मल भिजल्यामुळे होत नसावे. डॉक्युसेट आणि ग्लिसरीन मलाशयाच्या भिंतीला चेतवतात, ग्लिसरीन मार्ग निसरडा करते आणि कळ येते. ‘मऊ करणारा’ हे वर्णन अर्धेच खरे आहे.

हेच डॉक्युसेट गोळीतून घेतले तर चित्र बदलते. पोटातून मोठ्या आतड्यापर्यंत पोचून परिणाम दिसायला एक ते तीन दिवस लागतात, आणि तो परिणामही बेताचाच असतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात जुनाट बद्धकोष्ठाच्या रुग्णांमध्ये इसबगोलाने मलातले पाणी डॉक्युसेटच्या गोळीपेक्षा जास्त वाढवले. गुजरात आणि राजस्थानात पिकणारा हा भुसा स्वस्तही आहे. तो घेताना पेलाभर पाणी मात्र हवे. कोरडा गिळला तर घशात किंवा आतड्यात त्याचाच बोळा बसू शकतो.

डॉक्युसेटच्या मिनी एनिमाचा सगळ्यात मोठा आधार आहे तो मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसांना. त्यांच्यात शौचाची कळ मेंदूपर्यंत पोचत नाही. ठरावीक वेळी मलाशय चेतवून शौच घडवणे हा त्यांच्या दिनक्रमाचा भाग असतो. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर असेल तर मलाशयाच्या चेतनेने रक्तदाब एकदम धोकादायक पातळीला जाऊ शकतो. म्हणून काही मिनी एनिमांत २० मिलिग्रॅम बेन्झोकेन हे बधिर करणारे औषध घातलेले असते. इतरांना त्याची सहसा गरज नसते, आणि क्वचित बेन्झोकेनने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. अमेरिकेत हे मिनी एनिमा १२ वर्षांवरच्यांसाठी विकले जातात.

दुसरा, आणि भारतात सर्रास मिळणारा, सोडियम फॉस्फेटचा एनिमा. अमेरिकी प्रौढ मात्रेत ११८ मिलिलिटर द्रव आत जातो आणि त्यात १९ ग्रॅम मोनोबेसिक व ७ ग्रॅम डायबेसिक सोडियम फॉस्फेट असते. इतका खारट द्रव आतड्याच्या भिंतीतून पाणी ओढून घेतो, मलाशय फुगते आणि एक ते पाच मिनिटांत कळ येते. सगळ्यात झटपट परिणाम याचाच, आणि सगळ्यात जास्त जपावे लागते तेही यालाच.

ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना सोडियम सायट्रेटचा ५ मिलिलिटरचा एनिमा औषधांच्या दुकानात दिसेल. त्याचे काम साधारण डॉक्युसेटच्या मिनी एनिमासारखे. खनिज तेलाचा एनिमा घट्ट खड्याला वंगण देतो.

ग्लिसरीनची सपोझिटरी एनिमात मोडत नाही, पण तिचे क्षेत्र तेच आहे आणि अधूनमधूनच्या त्रासासाठी पहिली निवड तिलाच द्यावी. ती पाव ते एक तासाच्या आत काम करते, रक्तातल्या क्षारांना हात लावत नाही आणि स्वस्त असते. बिसाकोडिलची सपोझिटरीही साधारण तेवढ्याच वेळात लागू पडते, फक्त पोटात मुरडा जास्त येतो.

घरगुती द्रावणे मात्र टाळलेली बरी. साबणाच्या पाण्याने मलाशयाचे आतले आवरण पोळल्यासारखे सुजते, आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने तर गंभीर दाह होतो. कॉफीच्या एनिमाचा कर्करोगावरचा पर्यायी उपचार म्हणून गाजावाजा झाला. तो वारंवार घेतल्याने रक्तातले क्षार बिघडून झालेल्या मृत्यूंची नोंद १९८० साली अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आली आहे. साधे पाणीही लिटरच्या हिशेबाने पुन्हापुन्हा सोडले तर रक्तातले सोडियम घसरते.

घेण्यापूर्वी आणि घेताना

आधी एक प्रश्न: मल खरोखर दाराशी आला आहे का? कळ येते पण बाहेर पडत नाही, गुदद्वाराशी जड वाटते, खडा टोचतो, अशी जाणीव असेल तर एनिमा किंवा सपोझिटरी योग्य. चार दिवस कळच नाही आणि पोट नुसते फुगलेले आहे, तर मल वरच्या भागात आहे. तिथे पोटात घ्यायचे औषध हवे: बिसाकोडिल किंवा सोनामुखीची गोळी रात्री घेतली तर सहा ते बारा तासांत काम करते, लॅक्टुलोज आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर यांना एक ते तीन दिवस द्यावे लागतात. मलाशय रिकामे असताना घेतलेला एनिमा जसा गेला तसा परत येतो.

पोटात तीव्र दुखत असेल, उलट्या होत असतील, पोट ताठ झाले असेल, वायूही सरत नसेल, तर कोणतेही रेचक घेऊ नये. आतडे अडले असण्याची किंवा अपेंडिक्स सुजल्याची शक्यता असते आणि जोर लावल्याने ते फुटू शकते. गुदद्वारावर किंवा मलाशयावर अलीकडे शस्त्रक्रिया झालेली असताना, आतड्याला दाहाचा आजार असताना किंवा कर्करोगाच्या उपचाराने पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना स्वतःच्या हाताने एनिमा घेणे धोक्याचे. गरोदरपणात डॉक्टरांना विचारूनच.

घेण्याची रीत सोपी आहे. बाटली फ्रीजमधली किंवा गरम केलेली नसावी, खोलीच्या तापमानाची असावी. डाव्या कुशीवर निजावे आणि उजवा गुडघा पोटाकडे घ्यावा. मोठ्या आतड्याचा शेवटचा वळणदार भाग डावीकडे असल्याने द्रव उताराने आत जातो. नळीला वंगण नसेल तर पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल लावावे. मिनी एनिमात टोपण पिळून काढल्यावर दाबून आलेला एक थेंब नळीच्या टोकाला फासला की तेवढ्यावर भागते. हलके कुंथले की गुदद्वार सैल पडते. त्याच वेळी नळीचे टोक बेंबीच्या दिशेने ठेवून हळू आत सरकवावे. अडथळा लागला तर थांबावे. जोराने ढकलल्याने मलाशयाला छिद्र पडण्याचे प्रकार दुर्मीळ असले तरी घडतात, आणि ते मुख्यतः वयस्क माणसांत.

बाटली सावकाश दाबावी. एकदम पिळली तर द्रव लगेच बाहेर येतो. बाटलीत थोडा द्रव उरला तर चिंता नको. उत्पादकांनी तो हिशेबात धरलेला असतो. नळी काढताना बाटलीवरचा दाब सोडू नये, नाहीतर आत गेलेले औषध परत ओढले जाते. मग जोराची कळ येईपर्यंत पडून राहावे. फॉस्फेटच्या एनिमात हा वेळ पाचेक मिनिटांचा असतो, मिनी एनिमात पंधरा मिनिटांपर्यंतचा.

म्हाताऱ्या माणसाला शौचाच्या जोराने चक्कर येऊन रक्तदाब पडू शकतो. संडासाची कडी आतून लावू नये आणि हाकेच्या अंतरावर कोणीतरी असावे. शौचाला बसायची जागा एनिमा घेण्यापूर्वीच मोकळी आणि जवळ आहे ना हे पाहून ठेवणे बरे. लहान घरात हा तपशील औषधाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

दुसरी बाटली का नको

फॉस्फेटचा एनिमा घेतला आणि काहीच झाले नाही, तर सरळ विचार असा येतो की एक कमी पडली, दुसरी घ्यावी. गंभीर अपघातांपैकी बरेचसे याच विचारातून झालेले आहेत. द्रव बाहेर आला नाही याचा अर्थ तो आतच आहे. मलाशयाच्या भिंतीतून फॉस्फेट रक्तात शोषले जाऊ लागते आणि कॅल्शियमला बांधून टाकते. कॅल्शियम घसरले की हातपाय आखडतात, हृदयाची लय बिघडते. शरीरातले पाणी कमी होते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०१४ मध्ये इशारा दिला की चोवीस तासांत एकाहून अधिक मात्रा घेतल्यास मूत्रपिंड आणि हृदयाला इजा होऊ शकते, मृत्यूही येऊ शकतो. अर्ध्या तासात द्रव बाहेर पडला नाही, तर डॉक्टरांना फोन करावा.

काहींना एकच मात्राही भारी पडू शकते. पंचावन्नच्या पुढचे वय, मूत्रपिंडाचा विकार, हृदयाची अशक्तता, उलटी-जुलाबांनी किंवा उन्हाने शरीरातले पाणी कमी झालेले असणे, ही सगळी धोक्याची चिन्हे. औषधेही पाहावी लागतात: लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ शेपटीची रक्तदाबाची औषधे, आणि डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारखी दुखण्यावरची औषधे. साठीतल्या ज्या माणसाला रक्तदाब आहे आणि गुडघेही दुखतात, त्याच्या डब्यात यांतल्या दोन-तीन गोळ्या सहज सापडतात. अशा माणसासाठी ग्लिसरीनची सपोझिटरी किंवा मिनी एनिमा अधिक सुरक्षित.

२०१२ साली इस्रायलमधील एका रुग्णालयाने फॉस्फेट एनिमानंतर गंभीर बिघाड झालेल्या ११ वयस्क रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतले ५ दगावले होते. ही संख्या लहान आहे आणि कोट्यवधी बाटल्या विनातक्रार वापरल्या जातात, हेही खरे. पण बद्धकोष्ठ हा ज्या वयाचा नेमका त्रास, त्याच वयात हा एनिमा सगळ्यात कमी सुरक्षित असावा, ही गोष्ट बाटली विकणाऱ्यानेही ध्यानात ठेवावी अशी आहे.

मुले आणि म्हातारी माणसे

दोन वर्षांखालच्या मुलाला फॉस्फेटचा एनिमा कधीही देऊ नये. अमेरिकी लेबलप्रमाणे पाच ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी सुमारे ५९ मिलिलिटरची छोटी बाटली असते आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला तिची अर्धी मात्रा. भारतात प्रौढांची बाटलीच हाताशी असते, त्यामुळे घरी अंदाजाने मात्रा ठरवू नये. तान्ह्या बाळाला साबणाची वात किंवा तेलात बुडवलेला नागवेलीच्या पानाचा देठ लावण्याची रीत अजूनही काही घरांत आहे; त्याने नाजूक त्वचा सोलवटते आणि चिरही पडते. केवळ अंगावर पिणारे बाळ कधीकधी चार-पाच दिवस शी करत नाही आणि नंतर मऊ शी करते. त्याला उपचार लागत नाही. जन्मल्यावर पहिल्या दोन दिवसांत शी न झालेल्या आणि पुढेही पोट फुगत राहणाऱ्या बाळाची मात्र तपासणी हवी, कारण आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नसण्याचा जन्मजात दोष असू शकतो.

मोठ्या मुलांत बहुतेक वेळा एकदा दुखल्याच्या भीतीने शी दाबून धरण्याचा प्रश्न असतो. अशा मुलाला धरून एनिमा दिला की भीती दुप्पट होते. त्यामुळे बालरोगतज्ज्ञ आता आधी तोंडाने घ्यायची पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात आणि ती काही महिने चालू ठेवतात.

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या बाबतीत घरच्यांची एक ठरलेली फसगत होते. मलाशयात कडक गोळा बसलेला असतो आणि त्याच्या कडेने वरचा पातळ मल झिरपतो. कपडे खराब होतात. घरच्यांना जुलाब वाटतात आणि ते थांबवण्याची गोळी दिली जाते. गोळा आणखी घट्ट होतो. अनेक दिवस नीट शौच नाही आणि मग अचानक थोडेथोडे पातळ, अशी हकीकत असेल तर डॉक्टरांनी बोटाने तपासणे हाच निदानाचा मार्ग. असा गोळा दुकानातल्या एका बाटलीने सहसा हलत नाही. तो तेल देऊन, मऊ करून, कधी हाताने फोडून काढावा लागतो.

नंतरचे दिवस

एनिमाने शेवटचा भाग रिकामा झाला की पुढचे एक-दोन दिवस शौचाला न होणे हे अगदी स्वाभाविक असते, कारण तिथे काही उरलेलेच नसते. हे ठाऊक नसलेला माणूस तिसऱ्या दिवशी दुसरी बाटली आणतो आणि आपले आतडे आता स्वतःहून चालत नाही अशी त्याची खात्री पटत जाते. त्या दोन दिवसांत पाणी, भाज्या, सालासकट फळे, ज्वारी-बाजरीची भाकरी आणि सकाळच्या नाश्त्यानंतर दहा मिनिटे निवांत बसणे एवढे पुरते. कमोडवर बसणाऱ्याने पायाखाली पाटासारखे काही घेऊन गुडघे वर आणले तर मलाशयाचे वळण सरळ होते. उकिडवे बसणाऱ्याला हा लाभ आपोआप मिळतो.

रेचक कोणतेही असो, स्वतःच्या मनाने ते आठवड्याहून अधिक काळ चालवू नये. एनिमानंतर रक्त दिसले, किंवा पोट जाण्याची जन्माची सवय अचानक बदलून दोन आठवडे तशीच राहिली, तर डॉक्टर गाठावा. वजन घटणे, रक्त कमी होणे, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेले बद्धकोष्ठ यांत आतड्याच्या कर्करोगाची शक्यता आधी तपासतात. लाल रक्त म्हणजे मूळव्याधच, असे घरी ठरवून टाकण्यात पुष्कळांचे महत्त्वाचे महिने वाया जातात. थायरॉइडची कमतरता, मधुमेह आणि कंपवात हेही मागे असू शकतात.

काही माणसांना मात्र या तपासण्यांत काहीच सापडत नाही, आणि तरी दर आठवड्याला एनिमा किंवा बोटाची मदत लागते. यांच्यापैकी बऱ्याच जणांत मल मऊ असतो, तो मलाशयापर्यंत वेळेवर पोचतोही. अडचण असते ती कुंथताना. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडण्याऐवजी नेमके त्याच क्षणी आवळले जातात. मलाशयात पाणी भरलेला छोटा फुगा ठेवून तो बाहेर टाकता येतो का हे पाहणारी साधी चाचणी आणि दाब मोजणारी मॅनोमेट्री यांतून हे कळते. त्यावर बायोफीडबॅक नावाचे प्रशिक्षण असते: पडद्यावर स्वतःच्या स्नायूंचा दाब पाहत पाहत, पोटाने जोर देताना गुदद्वार सैल कसे सोडायचे ते रुग्ण काही बैठकांत शिकतो. या प्रकारच्या बद्धकोष्ठात त्याचा परिणाम रेचकांपेक्षा चांगला दिसून आला आहे. मोठ्या शहरांतल्या पोटविकारांच्या काही केंद्रांत ही सोय आहे.